घरच्या अंगणात हेराल्डचं इंजिन उतरवताना

आमच्या गोठ्याशेजारी टिनाखाली उभी असलेली स्टँडर्ड हेराल्ड आजोबांची. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्‌सनं ही गाडी १९६१ पासून भारतात बनवली. मूळची ती इंग्लंडची, १९५९ सालची ट्रायम्फ हेराल्ड, आणि तिचा आकार रेखाटला तो इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्तीनं. मी हिला स्पोर्ट्‌स कारच्या घरातली म्हणतो तेव्हा पारावरचे लोक हसतात. हसू द्या. १९६२ साली बाजारात आलेली दोन सीटांची ट्रायम्फ स्पिटफायर ही हेराल्डचीच चॅसी (खालचा लोखंडी सांगाडा) आखूड करून उभी केलेली आहे. आकार पुन्हा मिकेलोत्तीचाच आणि इंजिनचं घराणंही तेच. माझ्या हेराल्डचं इंजिन ९४८ सीसीचं आणि एका कार्बोरेटरचं आहे. पहिल्या स्पिटफायरचं ११४७ सीसीचं आणि दोन कार्बोरेटरचं. पुढे तेच वाढत १२९६ आणि १४९३ सीसीपर्यंत गेलं. म्हणून खाली लिहिलेलं बहुतेक सगळं स्पिटफायरलाही लागू पडतं. कुणाच्या वाड्यात पोत्यांमागे एखादी स्पिटफायर दडून असेल तर त्यांनीही वाचावं.

हे काम मी दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावी केलं. मदतीला चुलतभाऊ आणि एक शेजारी काका होते. इंजिन प्रत्यक्ष उचलायला पाऊण तास लागला. त्याच्या आधीच्या सोडवासोडवीला अडीच दिवस गेले. हा हिशेब आधीच डोक्यात असू द्या, कारण घाई होते ती नेमकी पहिल्या दोन दिवसांत.

आधी ठरवा, काढायचंच आहे का

गाडी तापते म्हणून इंजिन काढायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. हेड गॅस्केट, व्हॉल्व्ह, वॉटर पंप ही सगळी कामं इंजिन जागेवर असतानाच होतात. क्रँकचे (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) थ्रस्ट वॉशरसुद्धा खालून सम्प, म्हणजे ऑइलची तळातली टाकी, उतरवून बदलता येतात. हे वॉशर म्हणजे या इंजिनचं जुनं दुखणं. ते झिजले की क्रँक पुढेमागे सरकते, आणि फारच झिजले तर जागेवरून निसटून सम्पमध्ये पडतात. मग क्रँक थेट ब्लॉकवर घासायला लागते. तपासायला सोपं आहे. एकाला क्लच दाबायला सांगायचं आणि आपण समोरून क्रँकच्या पुलीकडे बघायचं. ही हालचाल साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर असावी, म्हणजे नुसत्या डोळ्याला ती जेमतेम जाणवेल. पुली पुढे आलेली स्पष्ट दिसली तर गाडी तिथेच बंद करा.

माझ्या गाडीला तीन दुखणी होती. पुली सरकत होती, सिलिंडर झिजून एक्झॉस्टमधून निळा धूर येत होता, आणि ब्लॉकच्या बाजूचे वेल्श प्लग (पाण्याच्या वाटांची भोकं बुजवणाऱ्या चकत्या) गंजून पाझरत होते. तिसऱ्या दुखण्याचं कारण आमचा मुलूख. पूर्णा नदीचं खोरं म्हणजे खारपाणपट्टा. इथल्या विहिरीचं पाणी जनावर तोंड वाकडं करून पितं, आणि आजोबांनी तेच वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये घातलं. रिबोअर, म्हणजे झिजलेले सिलिंडर पुन्हा कोरून घेणं, करायचं म्हटल्यावर ब्लॉक लेथवर न्यावाच लागणार होता, तेव्हा इंजिन काढणं आलं.

दुसरा निर्णय असा, की इंजिन एकटं काढायचं की गिअरबॉक्ससकट. माझं मत ठाम आहे: एकटं. गिअरबॉक्ससकट काढायचं तर प्रोपेलर शाफ्ट, स्पीडोमीटरची केबल, गिअरचा दांडा, मागचं माउंटिंग हे सगळं सोडवावं लागतं. शिवाय एवढं लांब धूड बरंच तिरपं करून बाहेर काढावं लागतं, म्हणजे घोडीही उंच लागते. आणि या गाडीचा गिअरबॉक्स नंतर कधीही सीटा काढून आतल्या बाजूनं बाहेर घेता येतो. मग एकाच दिवशी दोन संकटं कशाला?

जागा, घोडी आणि सूत

शहरात इंजिन काढायला चाकांची क्रेन भाड्यानं मिळते. आमच्या अंगणात तिचा उपयोग शून्य. लहान लोखंडी चाकं काळ्या मातीत रुतून बसतात. उन्हाळ्यात भेगांत अडकतात, पावसाळ्यात तर विचारूच नका. पण बोअरमधून मोटर उपसणाऱ्याकडे जी तीन पायांची घोडी असते, ती यासाठी अगदी बेतीव आहे. आमच्या पट्ट्यात बोअर कमी, म्हणून ती अंजनगाव सुर्जीकडून आणली. तिकडे संत्र्याच्या आणि पानमळ्याच्या भागात बोअरचं काम सतत चालू असतं. घोडीसोबत एक टनाची चेन पुलीही मिळाली. या इंजिनचा ब्लॉक लोखंडी आणि हेडही लोखंडी, त्यामुळे वजन सव्वा-दीड क्विंटल धरून चालावं. एक टनाच्या पुलीला ते काहीच नाही, आणि वजन उचलण्याच्या कामात असंच असायला हवं. टिनाच्या शेडच्या अँगलला, जुन्या घराच्या म्यालीला किंवा कडुनिंबाच्या फांदीला पुली टांगू नका. फांदी मोडायच्या आधी सांगत नाही.

घोडीचे पाय जमिनीत रुतू नयेत म्हणून मी पायांखाली शहाबादी फरशीचे तुकडे ठेवले होते. नुसत्या घोडीला ते टिकले. नंतर ताकद बघायला आम्ही पुलीला डिझेलचा भरलेला पिंप टांगला, तसा एक तुकडा ताडकन फुटला आणि घोडी वीतभर कलली. खाली फक्त पिंप होता म्हणून निभावलं. मग बैलगाडीच्या जुन्या जाड सागवानी फळ्या टाकल्या आणि तिन्ही पाय खालून साखळीनं एकमेकांना बांधले. साखळी नसेल तर वजन पडल्यावर पाय फाकत जातात, आणि ते इतकं सावकाश होतं की लक्षात येत नाही. इंजिन टांगायच्या आधी असं काहीतरी फालतू वजन टांगून बघाच.

दिवस निवडताना तूर-हरभरा निघाल्यानंतरचे, फाल्गुनातले निवडा. एप्रिलपासून आमच्याकडे दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही, आणि पावसाळ्यात अंगण आपलं राहत नाही.

आता पाने. या गाडीचे बोल्ट इंचाच्या मापाचे आहेत. आपल्या घरी असलेला सेट मिलिमीटरचा. १३ चा पाना अर्ध्या इंचाच्या बोल्टवर बसतो खरा, पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. ती जराशी ढिलाई जाम झालेल्या बोल्टचे कोपरे गोल करून टाकते. नऊ-सोळांश इंचाच्या बोल्टवर १४ चा पाना चढतच नाही, आणि १५ चा चढवाल तर कोपरे गेलेच. जुने मिस्त्री ही मापं सुतात सांगतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. साडेतीन सूत, चार सूत, साडेचार सूत एवढ्या तीन मापांचे रिंग पाने आणि गोट्या जमवल्या की निम्म्याहून जास्त गाडी सुटते. ट्रॅक्टरची जुनी कामं करणाऱ्याकडे हे हमखास मिळतात. जुन्या ट्रॅक्टरांचे बरेचसे बोल्टही इंचाचेच असत. मी आमच्याच गावच्या मिस्त्रीकडून मागून आणले. त्यानं बजावलं, "भाऊ, पाने देतो, पण मोजून वापस आनजो."

सोडवासोडव

तीन दिवस आधी एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डचे नट, पाइपाच्या तोंडाचे तीन नट आणि बेलहाउसिंगचे (इंजिनला जोडलेल्या गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या तोंडाचे) हाताला येतील तेवढे बोल्ट यांवर डिझेल आणि ऑइलचं मिश्रण ब्रशनं लावत राहा. रोज संध्याकाळी एकदा. हे तीन दिवस फुकटचे वाटतात. मी मॅनिफोल्डचा एक स्टड विसरलो होतो आणि नेमका तोच तुटला.

पहिलं काम बॅटरी. जुन्या हेराल्डमध्ये बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असायचं, म्हणजे आजच्या गाड्यांच्या उलट. मधल्या काळात कुणी ते बदललंही असेल. त्यामुळे सवयीनं निगेटिव्ह काढायला जाऊ नका. कोणती वायर बॉडीला गेली आहे ते बघा, तीच आधी काढा, आणि कोणतं टोक होतं ते बॅटरीवर खडूनं लिहा. परत जोडताना उलटं झालं तर डायनॅमोचा घोळ होतो.

नंतर बॉनेट. हेराल्डचं हे सगळ्यात मोठं सुख. मडगार्डं, हेडलाइट, नाक असं सगळं एकाच तुकड्यात पुढे झुकतं. ते उघडलं की पुढची चाकं, चॅसी, इंजिन सगळं चौफेर मोकळं होतं, आणि चाकावर बसून टॅपेट लावता येतात. इंजिन काढताना ते उघडं ठेवूनही भागतं असं म्हणणारे आहेत, पण घोडीचा पुढचा पाय नेमका तिथेच येतो. हेडलाइटच्या वायरांचे जोड सोडवा, आधाराची पट्टी काढा, बिजागराच्या बोल्टांभोवती खिळ्यानं रेघ मारून ठेवा म्हणजे परत बसवताना फट सारखी येईल, आणि मग तिघांनी मिळून उचला. आम्ही ते कुटाराच्या पोत्यांवर उभं करून भिंतीला टेकवलं. शेळ्यांपासून लांब. बॉनेटवर चढायची शेळीला भारी हौस.

पाणी काढा, रेडिएटरच्या खालच्या कॉकमधून आणि ब्लॉकच्या बाजूच्या कॉकमधूनही. आमच्या ब्लॉकचा कॉक उघडला तर थेंब नाही. सायकलची तार आत घालून ढोसली, तेव्हा आधी चिखल आला, मग चहाच्या रंगाचं पाणी. कुलंट घातलेलं असेल तर ते बादलीतच धरा आणि लगेच झाका. ते गोडसर असतं, कुत्रं आणि वासरू आवडीनं पितं, आणि त्यानं मरतं. ऑइल चार-साडेचार लिटर निघेल. मग होस काढा आणि रेडिएटर उचलून बाजूला ठेवा. याला दहा मिनिटं पुरतात.

पेट्रोलच्या पंपाला येणारी नळी सोडवताना टाकी मागे डिक्कीत आहे हे विसरू नका. नळी खाली झुकली की पेट्रोल आपोआप वाहायला लागतं. नळीच्या तोंडात बोल्ट घालून वर क्लिप आवळा. आणि बघ्यांना बिडी विझवायला सांगा. अंगणात इंजिन उघडलं की अर्ध्या तासात पाच माणसं जमतात, त्यातल्या दोघांच्या हातात बिडी असते आणि एकाला सगळं येत असतं.

कार्बोरेटर, चोकची तार, ॲक्सिलरेटरचा दांडा, डायनॅमो, पंख्याचं पातं हे सगळं उतरवून ठेवा. मी मॅनिफोल्डही काढलं. वजन कमी होतं आणि उचलताना तेच सगळ्यात जास्त अडखळतं. डिस्ट्रिब्यूटर मात्र जागेवर राहू द्या, फक्त त्याचं झाकण आणि प्लगच्या वायरी काढा. रोटर कुणीकडे तोंड करून आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा. स्टार्टर दोन बोल्टांवर असतो, तो काढून घ्या. या इंजिनाचा फायरिंग क्रम १-३-४-२ आहे, पण वायरींवर आकडे घातलेले असले तर तो आठवायची वेळ येत नाही.

आकड्यांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथेच बहुतेकांची गाडी वर्षभर उघडी पडून राहते. कागदी टेपवर पेननं लिहिलेलं ऑइल लागलं की पुसतं. मी कोल्ड्रिंकच्या डब्याच्या बोटभर पट्ट्या कापल्या, त्यांवर खिळ्यानं आकडे कोरले आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकच आकडा बांधला. वहीत लिहिलं: ७ म्हणजे ऑइल प्रेशरच्या स्विचची, ८ म्हणजे डायनॅमोची जाड, ९ म्हणजे डायनॅमोची बारीक. बोल्टांसाठी पुठ्ठा घेतला. बेलहाउसिंगचा गोल त्यावर काढला आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात भोक पाडून टोचला. तिथले बोल्ट कमीजास्त लांबीचे आहेत. ते डब्यात एकत्र टाकलेत तर परत बसवताना एक लांब बोल्ट भलत्याच ठिकाणी जाईल, आणि ॲल्युमिनियमला चीर पडल्यावरच ते कळेल.

उघड्या राहिलेल्या भोकांत चिंध्या कोंबाल तेव्हा मोठा फडका वापरा, कापसाचा वेस्ट नको. कापूस पिकवणाऱ्या मुलखात राहून सांगतो, त्याचे धागे सुटतात आणि ऑइलच्या वाटेत जाऊन बसतात. फडके किती कोंबले तेही वहीत लिहा.

बेलहाउसिंग

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात तिथलं काम कंटाळवाणं आहे आणि निम्मं ते आतून करावं लागतं. पुढच्या दोन्ही सीटा काढा, खालचं जाजम काढा, गिअरबॉक्सवरचं झाकण काढा. आता वरचे बोल्ट दिसतात. एक माणूस आत गुडघ्यांवर, एक बाहेर, दोघांच्या हातात एकाच मापाचा पाना. बोल्टचं डोकं एकीकडे आणि नट दुसरीकडे असेल तिथे दोघांनी आवाज देऊन काम करायचं. चुलतभाऊ आत होता. तासाभरानं आतून आवाज आला, "दादा, मी अथीसा निजतो आता, गाडी झाल्यावर उठोजा."

क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा) बेलहाउसिंगलाच बसवलेला असतो, त्यामुळे तो आणि त्याची नळी गिअरबॉक्ससोबत तिथेच राहतात. ब्रेक ऑइल काढायची गरज नाही. फक्त इंजिन निघाल्यावर क्लचचं पेडल कुणी दाबू नये म्हणून त्याला चिंधी बांधून ठेवा. घरातली लेकरं स्टिअरिंगवर बसल्याशिवाय राहत नाहीत.

सगळे बोल्ट काढू नका. दोन्ही बाजूंचा एकेक राहू द्या, इंजिन पुलीवर ताणलं जाईपर्यंत.

आता गिअरबॉक्सचा आधार. सगळी पुस्तकं सांगतात की खाली जॅक लावा. शहरातल्या क्रेनसाठी ते बरोबर आहे, कारण तिथे गाडी जागेवर राहते आणि क्रेन हलते. आपल्याकडे उलट होणार. टांगलेल्या वजनासकट घोडी कधीही हलवायची नाही. गाडी मागे ढकलायची. जॅकवर टेकलेला गिअरबॉक्स असताना गाडी मागे कशी जाणार? म्हणून आम्ही चॅसीच्या दोन लांब पट्ट्यांखालून आडवी फळी घातली, तिच्यावर गिअरबॉक्सचं पुढचं तोंड टेकवलं आणि फळी दोन्हीकडून दोरानं चॅसीला घट्ट आवळली. म्हणजे आधार गाडीसोबतच चालतो. हे सुचायला आम्हाला अख्खी एक दुपार लागली.

उचलणं

टांगायला हेडच्या स्टडवर पकड घ्या. एक पुढच्या टोकाला आणि एक तिरप्या कोपऱ्यात मागे. दोन सूत जाडीच्या पट्टीला भोकं पाडून दोन कान बनवले आणि ते हेडच्या नटांखाली दाबून बसवले. हेड नाहीतरी उघडायचंच होतं, त्यामुळे नट ढिले करायला हरकत नव्हती. कानांत शॅकल, शॅकलला साखळी. वॉटर पंप, रॉकरचं झाकण किंवा मॅनिफोल्डला साखळी गुंडाळू नका. ट्रकवर माल आवळायचा पट्टाही नको. तो आवळण्यासाठी असतो, उचलण्यासाठी नाही. साखळी अशी बांधा की इंजिनचं पुढचं टोक किंचित वर राहील.

माणसं तीन पुरतात. एक फक्त पुलीच्या साखळीवर, एक समोर इंजिनला हात लावून, एक वाकून बेलहाउसिंगच्या फटीकडे बघत. बोलायचं एकानंच. आमच्याकडे ते काम काकांकडे होतं. मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावर १९९४ सालापर्यंत शकुंतला रेल्वे वाफेवर धावायची, ते इंजिन त्यांनी उभं आयुष्य पाहिलेलं. त्यामुळे मोटारीच्या इंजिनचा त्यांना काही धाक नव्हता. आणि एक नियम सगळ्यांना पाठ हवा: टांगलेल्या इंजिनखाली हात नाही, पाय नाही, पडलेला पाना उचलायलासुद्धा नाही.

साखळी ताणा, इंजिनचं वजन पुलीवर येईपर्यंतच. माउंटिंगचे रबर जरा सुटे झालेले दिसतात. आता दोन्ही बाजूंचे माउंटिंगचे बोल्ट काढा. वजन रबरावर असताना ते निघत नाहीत, आणि निघाले तर बोटं सापडतात. मग बेलहाउसिंगचे राहिलेले दोन बोल्ट.

आता इंजिन पुढे यायला हवं, आणि ते येत नाही. कधीच येत नाही. दोन तोंडांमध्ये डावेल (जोड नेमका जुळवणाऱ्या खुंट्या) असतात, ते धरून ठेवतात. फटीत लाकडी पाचर घाला, एकदा वरून, एकदा खालून, हलक्या हातानं. छिन्नी घातली तर तोंडावर घाव पडतो. फट सगळीकडून सारखी उघडत गेली पाहिजे. वर बोटभर आणि खाली काहीच नाही असं असेल तर इंजिन तिरपं टांगलेलं आहे. पुली एक-दोन कड्या वरखाली करून बघा.

आमची फट उघडली, सारखी उघडली, दोन बोटं झाली आणि थांबली. बघ्यांपैकी ज्याला सगळं येत होतं तो म्हणाला, "वढा ना बाप्पा जोरानं, दोघं लागा." मी वाकून टॉर्चनं बघितलं. इंजिनपासून चॅसीला गेलेली विणलेली तांब्याची अर्थची पट्टी मातीच्या रंगाची होऊन मातीतच मिसळली होती. ती ताठ ओढली गेली होती. वहीत तिला आकडाच नव्हता. पाचवी-सहावी माणसं लावून ओढलं असतं तर ती तुटली असती, आणि झटक्यानं इंजिन गिअरबॉक्सच्या शाफ्टवर लोंबकळलं असतं. शाफ्ट वाकला किंवा क्लचप्लेटचा मधला भाग फुटला की कामाचा खर्च दुप्पट. पट्टी सोडवली आणि इंजिन एका हातानं पुढे आलं. या गाडीत जे सुटलेलं असतं ते एका हातानं येतं. येत नसेल तर काहीतरी अजून बांधलेलं आहे, ते शोधा.

पूर्ण वीतभर इंजिन सरळ रेषेत पुढे घ्या, वर उचलू नका. शाफ्टचे दात क्लचप्लेटमधून बाहेर आलेले डोळ्यांनी दिसेपर्यंत. ते दिसले की मगच पुढचं टोक वर करत पुली ओढा. सम्प पुढच्या आडव्या क्रॉस मेंबरच्या वर आला की थांबा. बॉनेट काढलेलं असल्यामुळे फार उंच न्यावं लागत नाही.

मग गाडी मागे. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, हे आधीच बघून ठेवा. साधारण आठशे किलोची गाडी आणि त्यातून इंजिन गेलेलं, म्हणून दोघांनी सहज ढकलली गेली. इंजिन घोडीखाली एकटंच हवेत राहिलं, थोडं फिरलं, थांबलं. अंगणात क्षणभर कुणी बोललं नाही. मग कोंबडी बोलली.

उतरवायला ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा जुना टायर सगळ्यात उत्तम. इंजिन त्यात बसतं, कलंडत नाही, आणि सम्पला धक्का लागत नाही. वजन फ्लायव्हीलवर (इंजिनमागच्या जड चाकावर) येणार नाही एवढं बघा. लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेलं इंजिन रात्री कुत्रं धडकलं तरी आडवं होतं.

त्याच संध्याकाळी

इंजिन निघाल्यावर सगळे चहाला जातात. जाऊ द्या, पण तुम्ही परत या. क्लच कव्हर आणि फ्लायव्हीलवर पंचनं एक-एक खूण करा, मग कव्हरचे बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे ढिले करा. क्लचप्लेट किती उरली ते बघा. क्रँकच्या मागच्या टोकात शाफ्टचं टोक ज्यात फिरतं ती छोटी बुश असते, तीही बघून घ्या. ही सगळी स्वस्त कामं आहेत, पण आत्ता नाही केली तर हेच सगळं पुन्हा उचलावं लागेल. गाडीच्या रिकाम्या पोटातली माती खरवडून धुऊन घ्या. माउंटिंगची रबरं दाबून बघा. आमची बोटानं भुगा होत होती.

अकोल्याला रिबोअरला नेताना आम्ही इंजिन टायरसकट पिकअपमध्ये चढवलं, केबिनच्या बाजूला टेकवून चारही कोपऱ्यांत दोर बांधले. लेथवाल्याला ब्लॉक देताना आतल्या पाण्याच्या वाटा आधी खरवडून घ्यायला सांगा. खारपाणाचा थर साबणाच्या वडीएवढा निघतो, आणि तो तसाच राहिला तर नव्या पिस्टनची गाडीही तापतच राहील. परत आल्यावर रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी घालायचं नाही, बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट, एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. वडिलांना दोनदा.

ब्लॉक परत येईपर्यंत गाडीतली सगळी उघडी तोंडं बंद ठेवा. बेलहाउसिंगवर पोतं बांधा, नाहीतर कोंबडी त्यात अंडी घालते. आणि नळ्यांच्या तोंडांना चिंधी नुसती लावून चालत नाही, आवळून बांधावी लागते. त्याचं कारण कुंभारीण. ही माशी मातीचं घर बांधायला भोक शोधतच असते. मी पेट्रोलची, क्लचची, सगळी तोंडं बंद केली होती. चौथ्या दिवशी बघितलं तर डिस्ट्रिब्यूटरला जाणाऱ्या व्हॅक्यूमच्या बारीक नळीच्या तोंडावर ती ओली काळी माती थापत बसली होती.